बोली, वेष, वेढा आणि पत्र : ‘टेमिंग ऑफ द श्रू’ आणि देवगिरीची रुक्मिणी

शेक्सपिअरच्या सुखात्मिका अभ्यासताना आपण बहुधा दोन गोष्टींकडे लक्ष देतो : कथानकातील गुंतागुंत आणि शेवटी होणारी लग्ने. लग्न लागले की नाटक संपते आणि परीक्षेतील उत्तरही संपते. परंतु ही लग्ने जमली कशी, कोणी कोणाचे मन कोणत्या उपायाने वळविले, आणि ज्या व्यक्तीचे मन वळवावयाचे तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती की नव्हती, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाला विचारावयाचा आहे. हे नाटक १५९० ते १५९२ च्या सुमारास लिहिले गेले असे अभ्यासक मानतात; ते छापले गेले १६२३ च्या संग्रहात. प्रणयाराधनाच्या इतक्या परस्परविरोधी तऱ्हा एकाच नाटकात शेजारी शेजारी मांडलेल्या क्वचितच आढळतील.

हा प्रश्न दौलताबादच्या परिसरातील विद्यार्थ्यांनी विचारण्याला एक विशेष औचित्य आहे. हे गाव पूर्वीचे देवगिरी. रामदेवराव यादवांच्या काळात, इ. स. १२९२ च्या सुमारास, महानुभाव कवी नरेंद्र याने आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले ते येथील राजसभेच्या संदर्भात. पुढे सोळाव्या शतकात पैठणचा एकनाथ नावाचा मुलगा याच गडावर जनार्दनस्वामींकडे शिकावयास आला आणि त्याने मोठेपणी, शके १४९३ मध्ये (इ. स. १५७१), वाराणसीत आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. त्या वर्षी शेक्सपिअर सात वर्षांचा होता. म्हणजे युरोपात ज्याला आपण प्रबोधनकाळ म्हणतो, त्याच काळात इकडे मराठीतही एका मुलीने आपला वर आपण कसा निवडला ही कथा पुन्हा सांगितली जात होती. ती कथा शेजारी ठेवून पाहिली म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातील रीतींचा नीट उलगडा होतो, असे मला वाटते.

कथानक थोडक्यात

पॅड्युआ शहरातील बॅप्टिस्टा नावाच्या श्रीमंत गृहस्थाला दोन मुली. थोरली कॅथरिना, म्हणजे केट, तोंडाने फटकळ व हाताने सढळ. धाकटी बिआंका शांत व सर्वांची लाडकी. थोरलीचे लग्न झाल्याशिवाय धाकटीचे करावयाचे नाही असा बापाचा निश्चय आहे. बिआंकेला तीन उमेदवार : म्हातारा ग्रेमिओ, हॉर्टेन्शिओ आणि पिसाहून शिकावयास आलेला तरुण ल्युसेंशिओ. केटकडे कोणी फिरकत नाही. अशा वेळी व्हेरोनाचा पेट्रुशिओ तेथे येतो. त्याला पैसेवाली बायको हवी आहे आणि तसे तो लपवीतही नाही. तो केटशी लग्न करतो आणि तिला घरी नेऊन ‘वठणीवर आणतो’. शेवटच्या मेजवानीत तीन नवरे आपापल्या बायकांच्या आज्ञाधारकपणावर पैज लावतात आणि ती पेट्रुशिओ जिंकतो.

या कथानकात मुलगी मिळविण्याच्या तीन रीती दिसतात. त्यांना आपण बोली, वेष आणि वेढा अशी नावे देऊ.

पहिली रीत : बोली

बॅप्टिस्टा हा वाईट बाप नाही, पण तो व्यापारी आहे. केटचे लग्न ठरताच तो बिआंकेचा सौदा उघडतो. जो जास्त देईल त्याची ती होईल, असे तो स्पष्ट सांगतो. मग म्हातारा ग्रेमिओ आपल्या वाड्यातील चांदीची भांडी, गालिचे, दुभत्या गाई आणि बैल मोजून दाखवितो. मालकाच्या वेषात वावरणारा ल्युसेंशिओचा नोकर ट्रानिओ त्याच्यावर कडी करतो. याने एक जहाज सांगितले की तो तीन सांगतो. बाजारात लिलाव चालावा तसा हा प्रवेश चालतो. ज्या मुलीसाठी हे चालले आहे ती त्या वेळी रंगमंचावर नाही.

या रीतीत मन वळविण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मन ज्याचे वळवावयाचे तो बाप आहे आणि त्याच्या मनाला आकड्यांची भाषा समजते. मराठी रसिकाला हा प्रवेश परका वाटणार नाही. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकात भुजंगनाथ नावाचा पैसेवाला म्हातारा आणि मुलीचे पैसे घ्यावयास तयार झालेला कांचनभट यांच्यामध्ये असाच व्यवहार होतो. फरक एवढा की शेक्सपिअरने म्हाताऱ्याला हसून सोडून दिले, कारण तो बोली हरला. देवलांनी तोच व्यवहार मुलीच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून त्यांच्या नाटकातले हसू घशात अडकते.

दुसरी रीत : वेष

ल्युसेंशिओ हा बिआंकेला पाहताक्षणी प्रेमात पडतो आणि लॅटिनच्या शिक्षकाचे सोंग घेऊन तिच्या घरात शिरतो. हॉर्टेन्शिओही संगीतशिक्षक बनून येतो. उपकथानकाचा हा धागा शेक्सपिअरने जॉर्ज गॅस्कॉइनच्या ‘सपोझेस’ (१५६६) या नाटकावरून घेतला, आणि गॅस्कॉइनने तो इटालियन कवी आरिओस्तोच्या १५०९ सालच्या सुखात्मिकेवरून. वेषांतर हा प्रबोधनकालीन सुखात्मिकेचा जणू कुलाचारच होता.

या भागातील सर्वांत सुंदर प्रवेश म्हणजे शिकवणीचा. ल्युसेंशिओ ऑव्हिड या लॅटिन कवीच्या ओळी ‘समजावून’ सांगतो. पण प्रत्येक लॅटिन शब्दाचा अर्थ म्हणून तो आपले नाव, आपला गाव आणि आपला हेतू सांगून मोकळा होतो. बिआंका काय करते ते पाहण्यासारखे आहे. ती त्याच ओळी पुन्हा घेते आणि त्याच युक्तीने उत्तर देते : मी तुम्हांला ओळखत नाही, माझा विश्वास बसलेला नाही, शेजारचा ऐकेल म्हणून जपून असा, फार पुढे जाऊ नका, पण निराशही होऊ नका, असा त्या उत्तराचा भावार्थ आहे. चार-दोन वाक्यांत नकार, सावधगिरी आणि आशा या तिन्हींना तिने जागा दिली. नंतर हॉर्टेन्शिओ सुरांच्या पट्टीत आपले प्रेम गुंफून देतो तेव्हा त्याला ती सरळ नापसंती कळविते. म्हणजे दोन गुरुजींपैकी एकाला तिने थांबविले आणि एकाला वाट पाहावयास लावले.

वेषांतराला फसवणूक म्हणणे सोपे आहे, आणि या नाटकात तिची किंमतही मोजावी लागते. ल्युसेंशिओचा खरा बाप गावात येतो तेव्हा तोतया बापामुळे त्याच्यावर तुरुंगात जाण्याची पाळी येते. परंतु येथे एक भेद करावा लागेल. वेष कोणापासून घेतला आहे? ल्युसेंशिओने जगाला फसविले, पण बिआंकेपुढे पहिल्याच धड्यात मुखवटा काढला. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) मध्येही वेष आहे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यावयाची आहे, म्हणून अर्जुन संन्याशाच्या वेषात घरात येऊन राहतो. पण तेथे तो वेष सुभद्रेपासूनही लपलेला असतो. ती ज्या यतीची सेवा करते तोच आपला अर्जुन हे तिला ठाऊक नसते. तिचे मन आधीच अर्जुनावर जडलेले आहे म्हणून आपल्याला त्याची गंमत वाटते. तसे नसते तर गंमत वाटली नसती. वेषाची परीक्षा ही अशी : ज्या व्यक्तीचे मन वळवावयाचे, तिला खरे काय ते वेळेवर कळले की नाही?

तिसरी रीत : वेढा

आता नाटकाच्या गाभ्याकडे येऊ. पेट्रुशिओ केटला भेटण्यापूर्वी एकटाच उभा राहून आपली योजना सांगतो. ती शिव्या देऊ लागली तर किती गोड गाते म्हणावयाचे. कपाळाला आठ्या घातल्या तर किती प्रसन्न दिसते म्हणावयाचे. घालवून दिले तर राहण्याचा आग्रह केल्याबद्दल आभार मानावयाचे. वरवर पाहता ही स्तुती आहे. पण या स्तुतीचा हेतू ऐकणारीला आनंद देणे हा नाही. तिच्या शब्दाचा अर्थ तिच्या हातून काढून घेणे हा आहे. तिने काहीही म्हटले तरी त्याचा अर्थ तोच लावणार, असे एकदा ठरले की तिचे ‘नाही’ हे ‘नाही’ राहत नाही.

पुढे नेमके तसेच घडते. त्या भेटीत केट त्याला शब्दाला शब्द देते, इतकेच नव्हे तर एक थप्पडही लगावते. बाप परत आल्यावर ती साफ सांगते की रविवारी लग्न होण्याऐवजी याला फासावर गेलेला पाहीन. यावर पेट्रुशिओचे उत्तर तयार आहे : आमचे एकांतात ठरले आहे, ही चारचौघांत मुद्दाम अशी वागणार. बॅप्टिस्टा लगेच दोघांचे हात एकमेकांत देतो. याच बॅप्टिस्टाने थोड्या वेळापूर्वी मुलीचे प्रेम मिळणे हीच मुख्य गोष्ट आहे असे बजावले होते. पण ते मिळाले काय हे तिला कोणी विचारीत नाही. या क्षणानंतर त्या प्रवेशात केटच्या तोंडी एकही वाक्य नाही.

लग्नानंतर वेढा खरा सुरू होतो. लग्नाची मेजवानी न जेवताच तो तिला घेऊन निघतो. घरी मांस करपले म्हणून ताट फेकून देतो, बिछाना नीट नाही म्हणून रात्रभर झोपू देत नाही, शिंप्याने आणलेला तिला आवडलेला झगा परत पाठवितो. पुन्हा तो एकटा उभा राहून आपल्याला सांगतो की शिकारी ससाणा माणसाळवताना त्याला उपाशी व जागे ठेवतात, तसेच हे आहे. ‘टेमिंग’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे उघडा पडतो. हा शब्द पशुपक्ष्यांना माणसाळवण्याचा आहे.

पेट्रुशिओवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तो केटवर हात टाकीत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कजाग बायकोला बडवून काढणाऱ्या नवऱ्यांची विनोदी कवने लोकप्रिय होती, आणि एका प्रसिद्ध कवनात तर नवरा बायकोला खारवलेल्या घोड्याच्या कातड्यात गुंडाळतो. त्या मानाने शेक्सपिअरचा नायक सभ्य आहे. तो जे करतो ते सारे तिच्या काळजीपोटी करीत असल्याचे भासवितो. पण केटला नेमके तेच सर्वांत जास्त बोचते. उपासमार आणि जागरण यांपेक्षा, हे सारे परिपूर्ण प्रेमाच्या नावाखाली चालले आहे याचा आपल्याला संताप येतो, असे ती नोकराला सांगते. राग करावा तर समोर शत्रू दिसत नाही, अशी तिची अवस्था आहे.

आपल्या गडाचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या प्रवेशांत एक ओळखीची गोष्ट दिसेल. तासलेला कडा, खंदक आणि अंधारी यांनी सज्ज असलेला देवगिरी समोरून चढून घेणे जवळजवळ अशक्य होते. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा घाईने गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि रामदेवरावाला तह करावा लागला, अशी कथा जुन्या तवारिखांतून आली आहे. १६३३ साली महाबतखानाने मोगलांसाठी गड घेतला तोही महिनोन्‌महिने वेढा घालून, आतील लोकांची अन्नान्नदशा झाल्यावर. भुकेने दरवाजा उघडतो, हे खरे. पण असा दरवाजा उघडला म्हणजे आतल्यांचे मत बदलले असे कोणी म्हणत नाही. त्याला आपण शरणागती म्हणतो. मग केटच्या बाबतीत त्याच गोष्टीला मनपरिवर्तन का म्हणावे?

नाटकाच्या रचनेतच एक पुरावा आहे. पेट्रुशिओला दोन स्वगते आहेत. केटला एकही नाही. वेढा घालणाऱ्याची मसलत आपल्याला संपूर्ण कळते. आत अडकलेल्या व्यक्तीच्या मनात काय चालले आहे ते तिच्या तोंडून एकांतात कधीच कळत नाही. नाटकाच्या आरंभीचा क्रिस्टोफर स्लाय या दारुड्याचा प्रसंगही येथे आठवावा. एक सरदार गंमत म्हणून त्याला उत्तम कपडे, उत्तम जेवण आणि मऊ बिछाना देऊन तू उमरावच आहेस असे पटवून देतो. स्लायला जे तीन पदार्थ देऊन बदलले, तेच तीन केटकडून काढून घेऊन तिला बदलले जाते. दोघांचेही मत पुराव्याने पालटलेले नाही, परिस्थितीने पालटलेले आहे.

मराठी रंगभूमीवरील ‘त्राटिका’

या नाटकाला मराठीत मोठा मान मिळाला तो प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या ‘त्राटिका’ या रूपांतरामुळे. १८९० च्या सुमारास आलेले हे नाटक शाहूनगरवासी मंडळीने गाजविले आणि गणपतराव जोशी यांची प्रतापरावाची, म्हणजे पेट्रुशिओची, भूमिका लोकांच्या आठवणीत राहिली. मुळात एलिझाबेथकालीन रंगभूमीवर केटचे काम मुलगा करी. मराठीतही त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पत्नीधर्मावरील लांबलचक भाषण दोन्हीकडे पुरुषाच्याच तोंडून पुरुषबहुल प्रेक्षागृहाने ऐकले, हे विसरता कामा नये.

रूपांतराचे नावही विचार करण्यासारखे आहे. ‘श्रू’ म्हणजे चिचुंद्रीसारखा एक लहानसा प्राणी. त्यावरून कजाग बाईला इंग्रजीत ते नाव पडले. मराठीत तिची जागा रामायणातल्या राक्षसिणीने घेतली. पण रामायणातल्या त्राटिकेला कोणी वठणीवर आणीत नाही. विश्वामित्राच्या सांगण्यावरून राम तिचा वध करतो. बोलक्या मुलीला राक्षसीण म्हणण्याची आपली सवय नाटकाहून जुनी आहे, आणि नाटकाने ती अधिकच पक्की केली.

‘त्राटिका’ आले तो काळ लक्षात घ्यावा. रखमाबाईंचा खटला नुकताच संपला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुंबईच्या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. पण १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम झाला. आपण कैद पत्करू, असे तिने कळविले. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि पुढे रखमाबाई डॉक्टर झाल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारा झाले. संमती हा शब्द महाराष्ट्रात घरोघर वादाचा विषय झाला होता. अशा वेळी एक हट्टी स्त्री शेवटी नमते हे पाहून टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांत कोणते समाधान दडले असेल, याचा विचार अभ्यासकाने जरूर करावा.

रुक्मिणीचे पत्र

आता देवगिरीच्या कथेकडे वळू. भागवताच्या दशम स्कंधातील मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे. विदर्भाच्या भीष्मक राजाची मुलगी रुक्मिणी हिने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून श्रीकृष्णाचे गुण ऐकले आणि त्यालाच वरावयाचे ठरविले. भाऊ रुक्मी याने मात्र शिशुपालाशी तिचे लग्न ठरविले. तेव्हा तिने एका विश्वासू ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप पाठविला.

हा निरोप प्रणयाराधनाच्या दृष्टीने वाचून पाहावा. एक तर येथे बोलणारी मुलगी आहे आणि ज्याचे मन वळवावयाचे तो पुरुष. दुसरे म्हणजे तिने आपले कारण सांगितले आहे : तुमचे गुण ऐकले म्हणून मी निवड केली. तिसरे, अडचण लपविलेली नाही. शिशुपाल येतो आहे आणि लग्नाची तिथी ठरली आहे हे तिने कळविले. चौथे, उपायही तिनेच सुचविला : लग्नाच्या आदल्या दिवशी कुलाचाराप्रमाणे मी नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनाला जाते, तेथून मला न्यावे. यात अर्जव आहे, व्यवहार आहे आणि स्वतःच्या जिवाचा पणही आहे. मुख्य म्हणजे पत्र गेल्यावर उत्तर देणारा सर्वस्वी मोकळा आहे. तो न येता तर रुक्मिणीजवळ त्याला आणण्याचे कोणतेच साधन नव्हते. म्हणूनच ब्राह्मण परत येईपर्यंत तिची जी घालमेल होते तिला अर्थ आहे. मराठी कवींना रुक्मिणीच्या मनात शिरावयास वाव मिळाला तो याच जागी.

नरेंद्राविषयी महानुभाव परंपरेत एक आख्यायिका आहे. रामदेवरावाला त्याचे काव्य इतके आवडले की ते आपल्या नावावर करून द्यावे म्हणून त्याने कवीला सोने देऊ केले. आपल्या कविकुळाला त्यामुळे बोल लागेल, असे सांगून नरेंद्राने नकार दिला. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण रुक्मिणीच्या कवीला स्वतःलाही बोली नाकारावी लागली, हा योग अर्थपूर्ण आहे. एकनाथांनी हीच कथा अठरा प्रसंगांत सांगितली. तिच्यात त्यांनी मराठी घरातले लग्नाचे विधी भरले आणि जीव व शिव यांच्या मीलनाचा अर्थही गोविला. आजही लग्न जमावे म्हणून अनेक घरांतील मुली या ग्रंथाचे पारायण करतात.

कोणी म्हणेल, हीही शेवटी हरणाचीच कथा. रथात घालून नेणे हा काय मन वळविण्याचा प्रकार झाला? आक्षेप योग्य आहे. पण हरण झाले ते तिच्या घरच्यांच्या इच्छेविरुद्ध, तिच्या स्वतःच्या इच्छेनुसार. पेट्रुशिओही लग्नाच्या दिवशी नोकराला तलवार उपसावयास सांगून केटला, जणू चोरांपासून वाचवीत, ओढून नेतो. दोन प्रसंग दिसावयास सारखे आहेत; त्यांच्यातला फरक फक्त एका पत्राचा आहे.

भागवतात पुढे, साठाव्या अध्यायात, आणखी एक प्रसंग आहे. लग्नानंतर कृष्ण थट्टेने रुक्मिणीला म्हणतो की माझ्यासारख्याला वरण्यात तुझी चूक झाली, अजूनही तू एखादा योग्य राजा पाहावास. ऐकून तिच्या हातातला पंखा गळून पडतो व ती मूर्च्छित होते. कृष्ण तिला सावरतो आणि आपण थट्टा करीत होतो असे सांगतो. मग ती त्याच्या एकेका मुद्द्याला सविस्तर उत्तर देते. याच्याशी शेक्सपिअरमधला रस्त्यावरचा प्रवेश ताडून पाहा. पेट्रुशिओ भर दिवसा सूर्याला चंद्र म्हणतो आणि केटने तसे म्हटल्याशिवाय पुढे जावयाचे नाही असे बजावतो. ती म्हणेल तसे म्हणते, मग तो पुन्हा सूर्य म्हणतो. थट्टा दोन्ही नवऱ्यांनी केली आणि दोन्ही ठिकाणी बायकोला सोसावे लागले. पण एका थट्टेला बायकोचे स्वतःचे उत्तर ऐकावयाचे होते. दुसरीला आपल्याच शब्दाचा प्रतिध्वनी हवा होता.

शेवटची पैज

शेवटच्या मेजवानीत शंभर क्राउनची पैज लागते. नवऱ्याने बोलावणे धाडताच कोणाची बायको येते? बिआंका कामात असल्याचे कळविते. हॉर्टेन्शिओने जिच्याशी लग्न केले ती विधवा, त्यानेच इकडे यावे असा उलट निरोप धाडते. केट येते आणि पत्नीने पतीच्या आज्ञेत कसे राहावे यावर नाटकातले सर्वांत लांब भाषण करते. या भाषणाचे तीन अर्थ लावले जातात. एक, ती खरोखर नमली. दोन, ती उपरोधाने बोलते. तीन, दोघांचे आता गूळपीठ जमले आहे व ती मिळून पैज जिंकत आहेत. तिसऱ्या अर्थाला नाटकात थोडा आधार आहे. सूर्य-चंद्राच्या प्रवेशात केट शेवटी खेळकर होते आणि एका म्हाताऱ्याला तरुण मुलगी म्हणून हाक मारण्यात तिलाही मजा वाटते. शिवाय पॅड्युआत तिच्याशी बरोबरीने बोलणारा पेट्रुशिओ हा पहिलाच माणूस होता, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही यांपैकी खरा अर्थ कोणता हे निश्चित सांगता येत नाही, आणि माझ्या मते हाच या रीतीवरचा निकाल आहे. जिला ‘नाही’ म्हणता येत नव्हते तिच्या ‘हो’चा अर्थ लावावयास कोणताही मार्ग उरत नाही, नवऱ्यालाही नाही. बिआंकेचे न येणे आपल्याला सौजन्याचे वाटणार नाही, पण तिचे उत्तर तिचे आहे याविषयी शंका नाही. शेक्सपिअरच्या समकालीनांनाही हे खटकले असावे. १६११ च्या सुमारास जॉन फ्लेचरने या नाटकाचा उत्तरार्ध लिहिला. त्यात केट वारली आहे आणि पेट्रुशिओची दुसरी बायको मारिया दार लावून घेऊन त्यालाच वठणीवर आणते. तेथे वेढा उलटला, एवढेच. रीत बदलली नाही.

समारोप

या चारही रीती आपल्या अवतीभवती आजही चालू आहेत. हुंड्याच्या याद्या करणारी बैठक ही बोली आहे. नोकरी, शिक्षण, पगार वाढवून सांगणारी माहितीपत्रके हा वेष आहे, आणि विवाहाच्या संकेतस्थळांनी तो अधिकच सुलभ केला. मुलीच्या मागे वर्गापासून घरापर्यंत फिरत राहावे, ती रागावली तर ते प्रेमच समजावे, ही आपल्या चित्रपटांनी रुजविलेली समजूत म्हणजे पेट्रुशिओची योजना जशीच्या तशी आहे. २०१३ साली असा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला तो या समजुतीची फळे भोगून झाल्यावरच. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीने मान खाली घालून दिलेल्या उत्तराला आपण होकार म्हणतो तेव्हा आपण बॅप्टिस्टाहून फार वेगळे वागत नाही.

म्हणून वर्गात हे नाटक वाचताना पेट्रुशिओचा पराक्रम आणि ल्युसेंशिओची हुशारी यांना गुण देण्याआधी प्रत्येक प्रवेशाला एक साधा प्रश्न विचारावा : समोरच्या व्यक्तीला नकार देता आला असता काय, आणि दिला असता तर तो नकार म्हणून ऐकला गेला असता काय? हा प्रश्न पाठ्यपुस्तकापुरता राहू नये. ज्या मुली रुक्मिणीस्वयंवराचे पारायण करतात त्यांनी त्या ग्रंथातील पत्राच्या प्रसंगी थोडे थांबावे. तो ग्रंथ वर मिळावा म्हणून वाचला जातो, पण त्यातल्या मुलीने वर मागितला नव्हता, निवडला होता. आणि आम्हां मुलांनीही त्याच प्रसंगी थांबावे. कृष्णाला निरोप आला तेव्हा तो द्वारकेत आपल्या घरी होता. विदर्भाला तो निघाला ते त्यानंतर.